सत्ताविसावं नाव

ते वाक्य चौथ्यांदा उडालं तेव्हा मी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर जेवणाचा डबा उघडून बसले होते. जानेवारी महिना, परीक्षा लांब, वाचनकक्षात चिटपाखरू नव्हतं. समोरच्या पडद्यावर 'उंबरबंदर होडी दुर्घटना' हा लेख उघडा होता आणि त्यातलं एकच वाक्य कोणीतरी पुन्हा पुसून टाकलं होतं.

'होडी चालवणारा तांडेल गंगाराम वासावे दारूच्या नशेत असल्यामुळे ती उलटली.'

उजवा हात भाजीचा होता. डाव्या हातानं माऊस धरून मी ते वाक्य जागेवर आणलं.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात मी तेव्हा नऊ वर्षं लिहीत होते. तिथं कोणीही लिहू शकतं, पगार कोणालाच नाही. पण भांडणं लागतात, कोणी शिव्या लिहून जातं, कोणी स्वतःचीच आरती ओवाळून घेतं. म्हणून काही जुन्या लोकांना एखादं पान कुलूपबंद करायचे, एखाद्याला लिहायला मनाई करायचे अधिकार दिलेले असतात. त्यांना प्रचालक म्हणतात. मी प्रचालक होते. खऱ्या नावानं नव्हे, तिथं मी 'शमी' होते. नवऱ्यापासून वेगळी होऊन वडिलांकडे कोल्हापूरला आले त्या वर्षी हे लिहिणं सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर त्या काळात मला सावरलं ते त्यानंच. कोणाची बाजू घ्यायची नाही, जे छापलेलं आहे तेवढंच लिहायचं, हे मला फार स्वच्छ वाटायचं.

वाक्य पुसणाऱ्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'गंगाराम वासावे यांची मुलगी'.

लेखाला जोडून चर्चेचं एक पान असतं. तिथं मी लिहिलं, "संदर्भ दिलेला मजकूर आपण का काढत आहात?"

पाच मिनिटांत उत्तर आलं. "कारण ते खोटं आहे."

"खरं-खोटं आपण इथं ठरवत नाही. विश्वसनीय छापील साधन काय म्हणतं तेवढंच लिहितो. या वाक्याला सरकारी चौकशी अहवालाचा आधार आहे. आपल्याकडे दुसरं साधन आहे का?"

"मी त्यांची मुलगी आहे. नावातच लिहिलंय."

"मग तर आपण या लेखात बदल करणं योग्यच नाही. आपले हितसंबंध यात गुंतलेले आहेत. कृपया त्याबद्दलचं धोरण वाचावं."

खाली मी धोरणाच्या पानाचा दुवा दिला. ते पान मीच मराठीत लिहिलं होतं. आपल्या नात्यातल्या, आपल्या ओळखीतल्या माणसांबद्दल लिहू नये. लिहायचंच तर नातं आधी उघड सांगावं. किती सोप्या शब्दांत लिहिलंय म्हणून तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

मी डबा धुऊन आले तोवर वाक्य पाचव्यांदा उडालं होतं. मी ते परत आणलं आणि गंगाराम वासावे यांच्या मुलीला वर्षभर लिहायला मनाई केली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'हितसंबंध.'

दोन दिवसांनी तिची ईमेल आली.

"शमी मॅडम किंवा सर," तिनं लिहिलं होतं, "माझं नाव कुमुद. मी चिपळूणला एका दवाखान्यात नर्स आहे. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून थोडक्यात सांगते. जत्रेची ती होडी बुडाली त्याला येत्या माघात पस्तीस वर्षं होतात. गावातली मंडळी धक्क्यावर दगड बसवणार आहेत, बुडालेल्यांच्या नावांचा. सत्तावीस माणसं गेली. पण कमिटी म्हणते, सव्वीसच नावं कोरायची. ज्यानं बुडवलं त्याचं नाव कसं कोरायचं? मी भांडले तर त्यांनी मोबाइलवर तुमचं पान उघडून दाखवलं. माझी आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. दारुड्याची बायको म्हणून तिनं गाव सोडलं, मला घेऊन परक्या गावात धुणीभांडी केली. ती फक्त त्या नावासाठी थांबली आहे. पुरावा मागता, पण जे साक्ष देऊ शकले असते ते सगळे त्याच होडीत होते.

"होडीच्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या. बाबांनी दोन अर्ज केले. त्यांना लिहिता येत नव्हतं, मी सातवीत होते, अर्ज मी लिहिले. पहिला मालकाला, दुसरा संक्रांतीनंतर प्रांतांच्या कचेरीत. तो तर तिथं कुठंतरी असेल. तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला शोधता येईल."

मी ती ईमेल वाचली आणि संगणक बंद केला.

लेखाच्या तळाशी मी ज्या अहवालाचा हवाला दिला होता त्याचं नाव 'चित्रे चौकशी अहवाल'. बेचाळीस पानी, करड्या पुठ्ठ्याचा. लेख लिहिताना मला तो कुठल्याही ग्रंथालयात शोधावा लागला नव्हता, आमच्या घरच्या कपाटातच होता. माझं सासरचं आडनाव सबनीस, आणि वेगळी झाल्यावरही कागदोपत्री मी ते तसंच राहू दिलं होतं. माहेरची मी चित्रे. १९८४ साली उंबरबंदरचा तालुका ज्यांच्या हाताखाली होता ते प्रांत वि. ग. चित्रे माझे वडील.

हे मी ज्ञानकोशात कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती. अहवाल सरकारी होता, छापील होता. त्याच्यावर वडिलांचं नाव होतं हा योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आणि लेख पुरा झाल्यावर वडिलांना, म्हणजे नानांना, मोठ्या अक्षरात काढून वाचायलाही दिला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि "ठीक आहे" एवढंच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी नाना डॉक्टरांकडे गेले असताना मी त्यांचं कपाट उघडलं. अहवालाखाली एक जाड पाकीट होतं, दोऱ्यानं बांधलेलं. त्यात नेमणुकीचं पत्र, नकाशा, साक्षींच्या नकला होत्या. सगळ्यात खाली शाळेच्या वहीचा दुरेघी कागद.

'मा. प्रांतसाहेब यांस, अर्ज करतो की होडीच्या तळातून पाणी आत येते. फळ्या बदलल्याशिवाय जत्रेला माणसे घेऊ नयेत असा हुकूम व्हावा. मालक ऐकत नाहीत.' अक्षर गोल, एकसारखं, प्रत्येक ओळीवर काटेकोर बसवलेलं. खाली निळ्या शाईचा अंगठा, आणि त्याच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या घाईच्या हातानं, 'पाहिले. वि. ग. चि.' आणि तारीख.

अपघाताच्या आधी एकोणीस दिवसांची.

नाना आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. ते मटारच्या शेंगा घेऊन आले होते. हातपाय धुऊन ते माझ्यासमोर बसले, शेंगा सोलायला लागले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"माझ्या कपाटात हात घालायचं कारण?"

"नाना, कचेरीतला कागद घरी कसा आला?"

त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"ही तुमची सही आहे ना?"

"माझीच आहे."

"मग 'पाहिले' म्हणजे काय केलंत?"

"काही नाही केलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मटार चांगले निघालेत म्हणावं तसा. "त्या आठवड्यात तुझ्या आईचं ऑपरेशन होतं. मी मिरजेला निघालो होतो, गाडी दारात उभी होती. परत आल्यावर बघू म्हणून टेबलावर ठेवला. परत आलो तेव्हा त्याच्यावर दुसरे कागद चढले होते."

आईचं ऑपरेशन मला आठवत होतं. मी आठ वर्षांची होते.

"आणि चौकशी तुमच्याकडेच कशी आली?"

"प्रांत म्हणून आली. मी नको म्हणायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती वर, या प्रकरणाशी माझ्या कचेरीचा संबंध आहे, दुसऱ्या कोणाला नेमा. मसुदा केलाही होता."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं असतं, संबंध काय?"

बाहेर शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. नानांनी सोललेले दाणे उगाचच वाटीत सारखे केले.

"नशेच्या साक्षी कोणाच्या होत्या?"

"होडीमालकाच्या माणसांच्या. मला कळत होतं, मृदुला. सगळं कळत होतं. पण मेलेल्या माणसाचं काय जाणार होतं? इकडं जिवंत माणसं होती. होडीच्या तपासणीचा दाखला देणारा, माझा कारकून, मी. सगळ्यांची घरं होती."

"त्याचंही होतं. बायको होती, मुलगी होती."

"ती मी तेव्हा पाहिली नव्हती."

"तिचं अक्षर तर पाहिलं होतं."

यावर ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले, माझ्याकडे न वळता म्हणाले, "मी काही आता फार दिवसांचा नाही. मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर. तोवर मला इथं मान खाली घालायला लावू नकोस."

मी काय केलं ते सांगते.

पहिले दोन दिवस मी नुसती नियम वाचत राहिले. ते वाक्य मी स्वतः काढू शकत होते, पण ते कशाच्या आधारावर? अप्रकाशित कागद ज्ञानकोशात चालत नाही. छापून आणायचा तर नानांचं नाव येणार. आणि मी कोण हे सांगायचं तर नऊ वर्षांची 'शमी' संपणार. तिसऱ्या दिवशी मी कुमुदला उत्तर पाठवलं.

"आपल्या भावना समजू शकते. मात्र आपण उल्लेख केलेला अर्ज कुठंही प्रकाशित झालेला नसल्यामुळे तो संदर्भ म्हणून ग्राह्य धरता येत नाही. असं प्रकाशित साधन मिळाल्यास अवश्य कळवावं."

त्यातलं अक्षरन् अक्षर नियमाला धरून होतं. ते लिहिताना अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता.

तिचं उलट उत्तर आलं नाही.

माघातल्या त्या दिवशी मी रजा काढली आणि नानांना पुण्याला बैठक आहे असं सांगून उंबरबंदरला गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. आशा होती की काय कोण जाणे, की लोकांनी ऐनवेळी सत्तावीस नावं कोरली असतील.

खाडीवर आता पूल झाला आहे. धक्का ओस पडलेला. त्याच्या टोकाला मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, शेदोनशे माणसं होती. पडदा बाजूला झाला. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत नावं होती. मी मोजली, परत मोजली. सव्वीस. एकेक नाव वाचलं जात होतं आणि त्या घरातलं कोणी पुढं होऊन फूल वाहत होतं.

मांडवाच्या बाहेर, जाळी सुकवायच्या कट्ट्यावर, एक म्हातारी बसली होती. हिरवट नऊवारी, हातात झेंडूची दोन फुलं. तिच्या शेजारी चष्मा लावलेली एक बाई उभी होती. त्यांना कोणी या म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं. मला सांगावं लागलं नाही त्या कोण ते.

मी तिथंच, कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "लांबून आलाव?"

"कोल्हापूरहून."

"तुमचा कोन व्हता हो ह्यात?"

तिथं आलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या होडीत होतं. तिला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्द आला, "वडील."

"अगो बाय," ती म्हणाली. सरकून जवळ आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे खरखरीत, कोरडे होते. "मंग तू तवा केवढीशी असशील. माजी कुमुद बारा वर्सांची व्हती." आणि थोड्या वेळानं, "आमचं मानूस होडी चालवत व्हता. तुज्या मनात काय असंल तर आसूं दे, बाय. पन त्यांना दारूचा वास पन सोसत नव्हता. एवडा आयकून जा."

कुमुद घाईनं म्हणाली, "आई, असू दे ना. कशाला त्यांना." आणि मला म्हणाली, "माफ करा हां. ती प्रत्येकाला सांगते."

"नाही, सांगू दे," मी म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पर्समध्ये तो कागद होता, मी बरोबर आणला होता. म्हातारी माझ्या हातावरून हात फिरवत होती आणि मी रडत होते, आणि ती मला म्हणत होती, उगी, उगी, आता किती वर्सां झाली.

गर्दी पांगल्यावर ती उठली. मुलीचा हात धरून दगडापर्यंत गेली आणि दोन्ही फुलं दगडावर न ठेवता धक्क्याच्या कडेवरून पाण्यात टाकली. निघताना कुमुदनं माझा नंबर घेतला. कोणीतरी फोटो काढले आहेत, आले की पाठवते म्हणाली.

घरी आल्यावर मी नानांना खरं सांगितलं. कुठं गेले होते, काय पाहिलं, म्हातारी काय म्हणाली. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"हात धरला तुझा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

त्यानंतर आमच्यात बोलणं कमी झालं. नाना सकाळी लवकर उठून टेबलाशी बसायचे. मी खोलीत गेले की वर्तमानपत्र पुढं ओढायचे. मी विचारलं नाही. मला वाटायचं, दोघांपैकी कोणीतरी आज बोलेल.

मार्चच्या मध्यावर, ग्रंथालयात असतानाच, कुमुदचा निरोप आला. 'आई काल पहाटे गेली. झोपेतच. तुम्ही त्या दिवशी तिच्याशी बोललात, तिला बरं वाटलं होतं, म्हणून कळवते.'

मी तशीच घरी गेले. नाना टेबलाशी होते. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावून निरोप वाचला. बराच वेळ वाचला, चार ओळींना लागतो त्याहून कितीतरी जास्त.

मग त्यांनी वर्तमानपत्राखालून तीन कागद काढले. त्यांच्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. अर्ज कधी आला, आपण काय केलं नाही, चौकशी का स्वीकारली, साक्षी कोणाच्या घेतल्या. 'तांडेल गंगाराम वासावे यांच्या नशेबद्दल माझ्यासमोर कोणताही विश्वसनीय पुरावा आला नव्हता.' खाली सही. सहीच्या शेजारी आठ दिवसांपूर्वीची तारीख.

"लिहून झालं होतं," ते म्हणाले. "तुला द्यायला हात होत नव्हता. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत होतो." आणि मग माझे ऐंशी पार केलेले वडील, ज्यांना मी आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं, टेबलावर डोकं टेकून रडले.

मी त्यांना जवळ घेतलं नाही. दारात उभी राहिले. आठ दिवस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग आठवलं की माझ्या खणात तो अर्ज दोन महिने होता.

एका वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीनं नानांचं निवेदन छापलं, अर्जाच्या फोटोसकट. पाचव्या पानावर, उसाच्या दराच्या बातमीखाली. नानांना वाटलं होतं लोक दारावर येतील. ते तीन-चार दिवस इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले. कोणी आलं नाही. जुन्या खात्यातल्या एकाचा फोन आला, तोही या वयात कशाला उकरून काढलंत हे विचारायला.

ज्या दिवशी छापून आलं त्या दिवशी मी चर्चेच्या पानावर लिहिलं, 'माझं नाव मृदुला सबनीस. या लेखाला ज्या अहवालाचा आधार आहे तो माझ्या वडिलांनी लिहिला आहे. ही गोष्ट मी सात वर्षं लपवली आणि जिनं आपलं नातं उघड सांगितलं तिला मनाई केली.' मनाई उठवली, प्रचालकपद सोडलं. लेखाला मी हात लावला नाही. तो दुसऱ्या एका जुन्या सदस्यानं दुरुस्त केला. ते वाक्य गेलं, आणि तिथं आलं की होडी नादुरुस्त असल्याचा अर्ज तांडेलनं आधीच केला होता. काहींनी मला धीराचे निरोप पाठवले. मी उत्तरं दिली नाहीत.

मग कुमुदला फोन केला. दोन दिवस शब्द जुळवले होते, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"मी शमी," मी म्हणाले. "ज्ञानकोशावरची. तुम्हाला मनाई करणारी. आणि त्या दिवशी धक्क्यावर भेटलेली, ती पण मीच."

मी सगळं सांगितलं. मध्ये एकदा तिच्या मागून कोणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली, तिनं उत्तर दिलं नाही.

"म्हणजे आईनं तुमचा हात धरला," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा तुमच्याजवळ तो कागद होता."

"पर्समध्ये होता."

"तिथं, त्या मांडवात, माणसं होती सगळी. तुम्ही फक्त काढून दाखवायचा होता."

"हो."

"ती विचारत होती मला, रात्रभर. कोल्हापूरच्या त्या बाईला पटलं असेल का गो?"

तिनं फोन ठेवला. नंतर मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

ती आली दिवाळीनंतर, अगदी अचानक, एका रविवारी दुपारी. दार उघडलं तर चष्म्याची तीच बाई, खांद्याला पर्स, पायात प्रवासानं धुळकट झालेल्या चपला.

"कागद घ्यायला आलेय," ती म्हणाली. "बाबांचा अंगठा आहे त्याच्यावर. तो तुमच्याकडं राहायचं कारण नाही."

मी आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही. मी अर्ज प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता, तो आणून दिला. तिनं तो न बघताच पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात नाना काठी टेकत आतून आले. कोण आहे हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. ते भिंतीला धरून उभे राहिले. म्हणाले, "मी चित्रे."

कुमुद उठली नाही. पर्स घट्ट धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही बोलेल, पस्तीस वर्षांचं सगळं बोलेल, आणि तिनं बोलावंच. नानाही त्याचीच वाट पाहत होते. मान खाली घातली होती.

"तुम्ही बाबांना पाहिलं होतं?" तिनं विचारलं.

"अं?"

"अर्ज द्यायला ते एकटेच गेले होते. मी शाळेत होते. तुम्ही स्वतः घेतलात तो अर्ज की शिपायानं?"

"मी घेतला," नाना म्हणाले. "माझ्या हातात दिला त्यांनी."

मग तिचा आवाज एकदम बदलला. "कसे दिसायचे ते? आमच्याकडं त्यांचा एकही फोटो नाही. आईला आठवत होतं, ती सांगायची. आता ती पण नाही. मला हात आठवतात, पाठ आठवते. चेहरा आठवत नाही हो."

नाना खुर्चीचा हात चाचपत बसले.

"उंच होते," ते म्हणाले. "माझ्या खोलीचं दार बुटकं होतं, त्यांनी वाकून आत पाऊल टाकलं. चपला बाहेर काढल्या होत्या. पांढरा शर्ट, नीळ जरा जास्त झालेली. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. डाव्या भुवईवर जुनी खूण होती, इथं. नाक तुमच्यासारखंच. सकाळपासून बाकावर बसले होते, पण आल्यावर तक्रार केली नाही. पाणी किती येतं ते बोटांनी दाखवलं, एवढं. मी उभ्या उभ्याच कागद घेतला. मी घाईत होतो. तर म्हणाले, साहेब, जरा अक्षर बघा. माझ्या पोरीनं लिहिलंय."

कुमुदनं चष्मा काढला.

"वाचा असं म्हणाले नाहीत," नाना म्हणाले. "अक्षर बघा म्हणाले. आणि हसले."

मग कुमुदनं मांडीवरची पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि खुर्ची थोडी पुढं सरकवली.

"अजून सांगा," ती म्हणाली.